घर विकलं, पण रिटर्नमध्ये दाखवलं का?

कामठी रोडनं गेल्या काही वर्षांत रूपच पालटलं. डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो धावू लागली, त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळानं दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली आणि ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीवरून थेट कन्हानपर्यंतचा सुमारे तेरा किलोमीटरचा मार्ग कागदावर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा डबलडेकर पूल खुला झाला. रस्ता आला की भाव येतो, आणि भाव आला की घराघरात एकच चर्चा सुरू होते, ‘विकून टाकायचं का?’

मग घरं विकली जातात. कुणी मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून विकतं, कुणी मुलीच्या लग्नासाठी, तर कुणी चार भावंडांत वाटणी सोपी व्हावी म्हणून. सौदा होतो, रजिस्ट्री होते, पैसे बँकेत येतात. पेढे वाटून झाले की विषय संपला असं आपण समजतो. पण सरकारच्या लेखी विषय तिथं सुरू होतो. घर विकून झालेला नफा म्हणजे ‘भांडवली नफा’, आणि तो आयकराच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. आणि मैत्रिणींनो, हल्ली कितीतरी घरांच्या कागदांवर नाव बाईचं असतं. म्हणजे रिटर्न भरायची पाळीही तिच्यावरच येते!

नाव आपलं का लागलं?

बायकांच्या नावावर घर घेण्याची चाल वाढली ती उगाच नाही. महाराष्ट्र सरकारनं १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत दिली. आधी त्याला अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. २०२३ मध्ये ती अट काढून टाकली. वीस लाखांच्या घरावर वीस हजार वाचतात, कोण सोडेल? दुसरं कारण वारसाहक्काचं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. त्यामुळे माहेरचं घर विकताना आता बहिणींच्या सह्या लागतातच.

सही लागते, फोटो लागतो, अंगठा लागतो, पॅन कार्ड लागतं. पण पुष्कळदा पैसे मात्र भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्यात जातात आणि बाईला वाटतं, ‘मला कुठं काय मिळालं, मग टॅक्सशी माझा काय संबंध?’ संबंध आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून तीस लाख आणि त्यावरच्या व्यवहारांची माहिती आयकर खात्याकडे जाते. विकणाऱ्याच्या पॅन नंबरवर ती नोंदली जाते. आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या नावाचं एक वार्षिक माहिती पत्रक असतं, त्याला ‘एआयएस’ म्हणतात. २०२१ पासून हे पत्रक आलं. त्यात बँकेचं व्याज असतं, शेअर असतात आणि विकलेलं घरही असतं. रिटर्नमध्ये घर नाही आणि पत्रकात आहे, म्हणजे नोटीस येणार. ती भावाला नाही, आपल्यालाच.

२०२४ च्या बजेटनं काय बदललं?

आता थोडं हिशेबाचं बोलू. घाबरू नका, भाजीच्या हिशेबाइतकंच सोपं आहे.

घर दोन वर्षांपेक्षा (२४ महिन्यांपेक्षा) जास्त काळ आपल्याकडे असेल तर नफा ‘दीर्घ मुदतीचा’. त्यापेक्षा कमी असेल तर तो नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दरानं कर लागतो.

दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पूर्वी २० टक्के कर होता, पण एक मोठी सोय होती. घराची जुनी खरेदी किंमत महागाईच्या निर्देशांकानं वाढवून धरायची. बोलीभाषेत याला ‘इंडेक्सेशन’ म्हणतात. २००५ मधले सहा लाख म्हणजे आजचे सहा लाख नव्हेत, हे साधं सत्य त्यात मान्य केलेलं होतं. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दर २० वरून १२.५ टक्क्यांवर आणला, पण इंडेक्सेशन काढून टाकलं. देशभर ओरड झाली. जुनी घरं असलेल्या मध्यमवर्गीयांना वाटलं की महागाईलाच नफा समजून कर घेतला जातोय. दोन आठवड्यांत सरकारला माघार घ्यावी लागली. ७ ऑगस्ट २०२४ रोजी लोकसभेत सुधारित विधेयक मंजूर झालं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन किंवा घर भारतात राहणाऱ्या व्यक्तीनं विकलं, तर दोन्ही पद्धतींनी हिशेब करून जो कर कमी येईल तेवढाच भरायचा, असं ठरलं. हिंदू अविभक्त कुटुंबालाही ही मुभा आहे. त्या तारखेनंतर घेतलेल्या घराला मात्र ती नाही.

आता उदाहरण घेऊ. समजा, कामठीत २००५-०६ मध्ये सहा लाखांना घेतलेली दोन घरं आहेत. त्या वर्षीचा निर्देशांक ११७ होता, २०२५-२६ चा ३७६ आहे. सहा लाखांना ३७६ नं गुणून ११७ नं भागलं की वाढीव किंमत येते सुमारे १९ लाख २८ हजार.

पहिलं घर जुन्या वस्तीत, अरुंद गल्लीत. २०२५-२६ मध्ये ते ३० लाखांना गेलं. जुन्या पद्धतीनं नफा १० लाख ७२ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे सुमारे २ लाख १४ हजार कर. नव्या पद्धतीनं नफा २४ लाख, साडेबारा टक्क्यांनी ३ लाख. म्हणजे इथं जुनी पद्धत ८५ हजारांनी स्वस्त.

दुसरं घर मोठ्या रस्त्याला लागून. ते गेलं ६० लाखांना. जुन्या पद्धतीनं नफा ४० लाख ७२ हजार आणि कर सुमारे ८ लाख १४ हजार. नव्या पद्धतीनं नफा ५४ लाख आणि कर ६ लाख ७५ हजार. इथं नवी पद्धत स्वस्त.

(या रकमांवर ४ टक्के सेस वेगळा.) यातून काय कळतं? ज्या घराचा भाव संथ वाढला त्याला इंडेक्सेशन तारतं, ज्याचा भाव झपाट्यानं वाढला त्याला कमी दर परवडतो. मोठ्या शहरात दुसऱ्या प्रकारची घरं जास्त. आपल्यासारख्या गावात पहिल्या प्रकारचीही भरपूर. म्हणून ती माघार छोट्या गावांसाठी महत्त्वाची होती. शेजारणीनं अमुक पद्धतीनं भरला म्हणून आपणही तसाच भरायचा, असं करू नका. आपल्या घराचा हिशेब वेगळा असतो.

आजेसासऱ्यांच्या घराची किंमत काय धरायची?

कामठी गाव जुनं. इंग्रजांची छावणी इथं १८२१ मध्ये वसली. जुन्या बाजारातली कित्येक घरं तीन पिढ्यांची. त्यांची खरेदी किंमत कुणाला ठाऊक? अशा घरांसाठी कायद्यानं १ एप्रिल २००१ ही तारीख धरलीय. घर त्याआधीपासून कुटुंबाकडे असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव ही खरेदी किंमत मानता येते. मात्र त्या दिवशीच्या रेडी रेकनरपेक्षा जास्त भाव धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून दाखला करून घेतलेला बरा. समजा, तो भाव चार लाख निघाला, तर २०२५-२६ च्या विक्रीसाठी इंडेक्सेशननं ते पंधरा लाख चार हजार होतात. हजार-दोन हजारांचा खर्च वाचवायला दाखला न घेणं महागात पडू शकतं.

वारशानं किंवा बक्षीसपत्रानं घर मिळालं तेव्हा आपण काही पैसे दिलेले नसतात. मग खरेदी किंमत शून्य का? नाही. ज्यांच्याकडून घर आलं त्यांनी जे दिलं तीच आपली किंमत, आणि त्यांच्याकडे घर होतं तो काळही आपल्या खात्यात जमा. निर्देशांक कोणत्या वर्षापासून धरायचा यावरून वाद होता. मुंबईच्या एका आईला तिच्या मुलीनं फ्लॅट बक्षीस दिला होता. खातं म्हणालं, निर्देशांक बक्षीस मिळालं त्या वर्षापासून. आई म्हणाली, मुलीनं घेतलं त्या वर्षापासून. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आईच्या बाजूनं कौल दिला. त्या एका बाईच्या चिवटपणाचा फायदा आज वारसाहक्कानं घर मिळालेल्या कितीतरी जणींना होतोय.

घर वारशानं मिळणं यावर कर नाही, हेही लक्षात ठेवा. कर आहे तो विकण्यावर. चार भावंडांनी मिळून विकलं तर प्रत्येकानं आपापल्या हिश्शाचा नफा आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. मोठ्या भावानं सगळा दाखवून टाकला असं चालत नाही.

कर वाचतो, पण नाव सांभाळा

विकलेलं घर राहण्याचं असेल आणि त्याच्या नफ्यातून दुसरं राहतं घर घेतलं तर कर माफ होतो. जुन्या कायद्यातलं हे ‘कलम ५४’ अनेकींना ऐकून माहीत असेल. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत विकत घ्यावं, किंवा तीन वर्षांत बांधावं. साधारणपणे एकच घर. नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरं घेता येतात. घर घ्यायचं नसेल तर सहा महिन्यांत आरईसी, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन यांच्या ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात. पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याजावर कर लागतो.

आणि रिटर्नची तारीख आली तरी घर ठरलं नसेल तर? तेव्हा ते पैसे बँकेत ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’मध्ये टाकावे लागतात. १९८८ ची ही योजना आहे. इथं बऱ्याच जणी फसतात. पैसे साध्या एफडीत ठेवतात आणि ‘बँकेतच तर आहेत’ म्हणतात. एफडी चालत नाही. खातं त्याच योजनेचं हवं, आणि रिटर्नच्या मुदतीच्या आत उघडलेलं हवं. नंतर ते पैसे मुदतीत घरात लागले नाहीत, तर त्यावर कर लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवं घर कुणाच्या नावावर घ्यायचं? आपल्याकडे चित्र ठरलेलं. कर्ता माणूस गेला, आई एकटी राहिली, मुलगा नागपुरात किंवा पुण्यात. कामठीचं घर विकून त्या पैशात मुलाचा फ्लॅट होतो, आणि तो मुलाच्याच नावावर. ‘शेवटी त्याचंच तर आहे’ असं आईही म्हणते. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २००८ मध्ये असंच एक प्रकरण आलं होतं. वडिलांनी जमीन विकली आणि नवं घर दत्तक मुलाच्या नावावर घेतलं. न्यायालयानं सांगितलं, सवलत विकणाऱ्याला आहे, घर त्याच्या नावावर हवं. सवलत मिळाली नाही. ते प्रकरण कलम ५४ च्या शेजारच्या, ५४एफ या कलमाचं होतं, पण धडा तोच. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पत्नीच्या नावावर घेतलेल्या घराला सवलत दिली हे खरं, पण आपल्याकडे मुंबई न्यायालयाचा निकाल आधी लागू पडतो.

म्हणजे आईनं पैसे मुलाच्या फ्लॅटमध्ये घातले तर तिचं तिहेरी नुकसान. घर गेलं, नव्या घरावर नाव नाही, आणि वर लाखो रुपयांचा कर तिच्याच पॅनवर. मुलांवर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाहीये. पण इथं कायदाच बाईच्या बाजूनं उभा आहे. मुलाला सांगायला तिच्याकडे सरळ कारण आहे, ‘बाळा, नाव माझं लावलं नाही तर टॅक्स पडेल.’ मायेचा प्रश्न न काढता हक्क राखता येतो. घर नंतर मृत्युपत्रानं मुलाला देता येतंच की.

नवऱ्याचे पैसे, बायकोचं नाव

याची दुसरी बाजूही आहे. घर नवऱ्याच्या पैशानं घेतलं आणि नाव फक्त बायकोचं असेल, तर विक्रीचा नफा नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. तो त्याच्या रिटर्नमध्ये दाखवायला हवा. घर तुमच्या पगारातून, शिकवणी-शिलाईच्या कमाईतून, माहेरच्या पैशातून घेतलं असेल तर नफा तुमचाच. म्हणून घर घेताना कुणाच्या खात्यातून किती गेले याची नोंद ठेवा. पासबुकं वीस वर्षं जपणारी बाई वेडी नसते!

ज्या बाईला दुसरं काही उत्पन्न नाही तिच्यासाठी एक दिलासा आहे. उत्पन्नाची मूळ करमुक्त मर्यादा (२०२५-२६ साठी नव्या पद्धतीत चार लाख) जितकी शिल्लक राहते, तितकी या नफ्यातून वजा होते. पण ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ या वाक्यावर विसंबू नका. ती सूट घरविक्रीच्या नफ्याला लागू नाही. २०२५ च्या बजेटनंतर अनेकांचा इथंच गोंधळ झाला.

रोख रक्कम आणि रेडी रेकनर

‘थोडे पांढरे, थोडे काळे’ हा सौद्याचा जुना रिवाज. जून २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. घेणारी म्हणजे विकणारी. पाच लाख रोख घेतले, तर पाच लाख दंड!

शिवाय विक्री रेडी रेकनरपेक्षा फार कमी किमतीत दाखवली तर आयकरासाठी रेकनरचीच किंमत धरली जाते. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. तीन वर्षं न वाढलेले रेकनरचे दर १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर वाढले. हे दर ज्या महसूल खात्याकडून ठरतात ते डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच कामठीचे आमदार चंद्रशेखर बावनकुळे यांच्याकडे आलं. जुन्या गल्लीतलं, गाडी आत न जाणारं घर खरोखरच रेकनरपेक्षा स्वस्त जातं, तेव्हा हा नियम जाचतो. अशा वेळी अधिकाऱ्याकडे सरकारी मूल्यांकनकाराकडून तपासणीची मागणी करता येते. गप्प बसून जास्त कर भरायची गरज नाही.

सौदा ५० लाख किंवा त्यावरचा असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून सरकारात भरतो. ऑक्टोबर २०२४ पासून भावंडांच्या हिश्शांची बेरीज करून ही मर्यादा पाहिली जाते. म्हणजे ६० लाखांचं घर चौघांनी विकलं, प्रत्येकाला पंधरा लाख आले, तरी कपात होणारच. ते पैसे आपलेच असतात, पण परत हवे असतील किंवा करात वळते करायचे असतील तर रिटर्न भरण्याखेरीज मार्ग नाही.

रिटर्न भरताना

नेहमीचा साधा आयटीआर-१ फॉर्म इथं चालत नाही. घर विकलं असेल तर आयटीआर-२, धंद्याचं उत्पन्न असेल तर आयटीआर-३. त्यात भांडवली नफ्याच्या रकान्यात विक्रीची तारीख, किंमत, खरेदीची किंमत, खरेदीदाराचं नाव, पॅन आणि मालमत्तेचा पत्ता लिहावा लागतो. सगळा नफा नव्या घरात गेला आणि कर शून्य निघाला तरी, सवलतीआधीचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असेल तर रिटर्न भरावंच लागतं. आयटीआर-२ ची मुदत साधारणपणे ३१ जुलै. सरकार कधी ती वाढवतं, पण त्या भरवशावर राहू नये.

आणखी एक. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचं संसदेनं ठरवलं. कलमांचे आकडे त्यात बदलले, घरविक्रीची मूळ चौकट तीच राहिली. तेव्हा सीएकडे जाताना कलम पाठ नसलं तरी चालेल, कागद सोबत हवेत. खरेदीखत, विक्रीखत, इंडेक्स टू, दोन्ही वेळच्या खर्चाच्या पावत्या, दलालीची पावती, घरात वाढीव बांधकाम केलं असेल तर त्याची बिलं, वारसाची कागदपत्रं. दलाली आणि बांधकाम खर्च नफ्यातून वजा होतात, पण पावती असेल तरच.

आणि सीएकडे स्वतः जा. ‘हे पाहून घेतील’ म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका, आपल्या पॅनचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती सोडून विसरू नका. विक्रीखतावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझ्या हिश्शाचे पैसे माझ्या खात्यात येणार आहेत का? त्यावर कर किती पडेल आणि तो कोण भरणार? नवं घर घेतलं तर त्यावर माझं नाव असेल का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पेन झाकलेलंच बरं. रजिस्ट्रीची तारीख चार दिवस पुढं गेली म्हणून काही बिघडत नाही.